आकडा मोठा, पण फिल्मचं वजन किती?

जगातल्या आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी आली की कोल्हापुरात दरवर्षी दोन तट पडतात. एकीकडे अभिनंदनाचे फलक लागतात, दैनिकांत चौकटीतले फोटो येतात, खाली ‘एच-इंडेक्स इतका, सायटेशन इतकी’ अशी ओळ असते. दुसरीकडे स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू होते: हा संशोधन-पेपरांचा कारखाना आहे, हे लोक एकमेकांनाच सायटेशन (म्हणजे आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपराचा संदर्भ) देतात, यात विज्ञान कुठं आहे? इथल्या नावांत थिन फिल्म (पट्टीवर चढवलेला पदार्थाचा पातळ थर), सुपरकपॅसिटर (झटपट चार्ज होणारं वीज साठवायचं उपकरण), पाण्याचं विद्युत अपघटन अशा विषयांवर काम करणारी, म्हणजे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतली, वीज आणि रासायनिक क्रिया यांचं नातं अभ्यासणारी माणसं हमखास असतात. त्यामुळे हा वाद या एका शाखेवर येऊन थांबतो, आणि थांबतो तो चुकीच्या ठिकाणी. एक बाजू आकडा दाखवते, दुसरी आकड्याला हसते. पेपर उघडून वाचायची तसदी दोघंही घेत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगतो. सायटेशनच्या आकड्यावरून इतकंच कळतं की या कामाकडे किती जणांनी बोट दाखवलं. ते काम बरोबर आहे का, दुसऱ्या प्रयोगशाळेत तसंच जमेल का, हे त्यातून कळत नाही. हे सगळ्याच शाखांना लागू आहे, पण इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत लोकप्रियता आणि खरेपणा यांतलं अंतर जास्त वाढू शकतं. कारण इथला ‘निकाल’ बहुतेक वेळा एकच आकडा असतो, तो एका भागाकारातून येतो आणि त्या भागाकाराचा छेद मोजायला अवघड असतो. म्हणून आकडा ओळखीपुरता ठेवावा. नेमणूक, बढती, पुरस्कार ठरवताना मात्र प्रयोगाच्या तपशिलाचं पान वाचल्याशिवाय निर्णय होऊ नये.

आधी ज्यावरून भांडण होतं ती यादी नीट पाहू. स्टॅनफर्डचे जॉन आयोनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कोपस या संशोधन-पेपरांच्या नोंदसंग्रहावरून २०१९ मध्ये ही मांडणी प्रसिद्ध केली आणि पुढे ती अद्ययावत होत राहिली. त्यात एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन काढलेला एच-इंडेक्स आणि एकट्यानं, पहिल्या किंवा शेवटच्या नावानं लिहिलेल्या पेपरांची सायटेशन असे सहा घटक एकत्र करतात. तक्ते दोन आहेत: एक संपूर्ण कारकिर्दीचा, दुसरा फक्त एका वर्षाचा. दोन्हींत स्वतःची सायटेशन धरून आणि वगळून असे वेगवेगळे रकाने असतात. आपल्याकडच्या बातमीत यातलं काय छापतात? कोणता तक्ता, कोणता रकाना, याचा पत्ता नसतो. एका वर्षाच्या तक्त्यात नाव येणं आणि तीस वर्षांच्या कामावर येणं यांत केवढं अंतर आहे, हे वाचकाला कळणार कसं? शिवाय या यादीत विज्ञानाचे २२ विषय आणि १७४ उपविषय आहेत, पण इलेक्ट्रोकेमिस्ट्रीचा स्वतंत्र उपविषय नाही. गंजरोधावर काम करणारा मटेरिअल्समध्ये जातो, बॅटरीवाला एनर्जीमध्ये, इलेक्ट्रोड अभिक्रियेचा वेग मोजणारा फिजिकल केमिस्ट्रीत. या सगळ्यांची सायटेशन एकमेकांशेजारी ठेवून कोण मोठा हे ठरवणं म्हणजे वजनी गट न पाहता खासबागेत कुस्ती लावण्यासारखं आहे.

एच-इंडेक्सचंही तसंच. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ मध्ये तो सुचवला. प्रत्येकी किमान दहा सायटेशन असलेले दहा पेपर असतील तर एच-इंडेक्स दहा. आता एखाद्याचे पाचच पेपर आहेत आणि प्रत्येकाला हजार सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स पाचच राहतो. हा आकडा सातत्य मोजतो, खोली मोजत नाही. तो साफ फसू शकतो आणि त्याचे वाईट परिणामही होतात, असं खुद्द हिर्श यांनी २०२० मध्ये लिहिलं. त्यातही गुगल स्कॉलर प्रबंध, परिषदांचे निबंध, प्रीप्रिंट सगळं मोजतो, म्हणून त्याचा आकडा स्कोपसपेक्षा मोठा येतो. अर्जात कुणी कुठला आकडा लिहिलाय हे न विचारता गुणवत्ता यादी लावली तर पहिला अन्याय तिथंच होतो.

मग हे सगळे आकडे मोडीत काढावेत का? काढू नयेत, आणि यामागे आकड्यांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. आकडा येण्याआधी काय होतं? शिफारस, ओळख, ‘आमच्याकडचा मुलगा आहे’ असा एक फोन. मुंबई-बंगळुरूच्या मोठ्या संस्थांत ज्याचं कुणी नाही, इंग्रजी अडखळत बोलतो, गडहिंग्लज किंवा शिराळ्याकडून एसटीनं येऊन ज्यानं एमएस्सी केली, अशा मुलाला निवड समितीपुढे उभं राहायला आकड्यानं जागा मिळवून दिली. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. इथं थिन फिल्मचं काम वाढलं त्यामागे एक साधं कारण आहे: केमिकल बाथ डिपॉझिशनला (द्रावणातून पट्टीवर थर चढवण्याच्या पद्धतीला) एक बीकर, हॉट प्लेट आणि शुद्ध पाणी पुरतं. कोट्यवधींचं निर्वात यंत्र नसताना जगात वाचलं जाईल असं काम करता येतं, हे इथल्या माणसांनी दाखवून दिलं. इथून पीएचडी करून पोस्टडॉकसाठी दक्षिण कोरियाला जाणाऱ्या मुलांच्या हातात त्या पेपरांशिवाय दुसरी कुठली ओळख होती? ‘सगळं पोकळ आहे’ म्हणणारे हे विसरतात. आकडा काढून टाकला तर त्या जागी वाचन येईलच असं नाही, तो फोन परत येण्याची शक्यता मोठी आहे.

हे मान्य करूनही प्रश्न उरतो, कारण आकडा ज्या वस्तूवर उभा आहे ती वस्तू अजून आपण पाहिलेली नाही.

सिलार पद्धत घ्या. १९८५ मध्ये निकोलाऊ यांनी मांडलेली ही पद्धत आपल्याकडे घरचीच झाली आहे. स्टेनलेस स्टीलची पट्टी धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, पाण्यात धुवायची, मग ऋण आयनांच्या द्रावणात बुडवायची, पुन्हा धुवायची, आणि अशी चक्रं करत राहायचं. एक चौरस सेंटिमीटरवर फिल्म चढते ती एक मिलिग्रॅमच्या आत, समजा ०.३ मिलिग्रॅम. पट्टीचं आधीचं वजन आणि नंतरचं वजन, यांतला फरक म्हणजे फिल्मचं वजन. आता नेहमीचा चार दशांशी तराजू ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच वाचतो. प्रवाह गुणिले डिस्चार्जचा वेळ, भागिले वजन गुणिले व्होल्टेजचा पट्टा, असा ग्रॅममागच्या धारितेचा, म्हणजे चार्ज साठवायच्या क्षमतेचा, हिशोब करून पेपरात १२०० फॅरड प्रति ग्रॅम लिहिले. वजनात फक्त ०.१ मिलिग्रॅमची चूक असेल, तर खरा आकडा ९०० असू शकतो किंवा १८०० सुद्धा. त्यात वजन दोनदा करायचं, म्हणजे चूकही दोनदा. फिल्म नीट वाळली नसेल तर पाण्याचं वजन मिसळतं आणि आकडा खाली येतो. बाथ आम्लधर्मी असेल तर पट्टीचं पोलाद थोडं विरघळतं, फिल्मचं वजन प्रत्यक्षाहून कमी दिसतं आणि आकडा वर चढतो. या दुसऱ्या चुकीला पेपर छापून येतो, पहिल्या चुकीला येत नाही. कुणी लबाडी करायची गरजच नाही. वर गेलेले आकडे छापले जातात आणि खाली आलेले कपाटात राहतात, एवढ्यानंच सगळं साहित्य एका बाजूला कलतं.

पट्टीऐवजी निकेल फोम (निकेलचा स्पंजासारखा सच्छिद्र पत्रा) घेतला तर गोष्ट आणखी बिघडते. फोमचं स्वतःचं वजन चौरस सेंटिमीटरला साधारण ३० मिलिग्रॅमहून जास्त, त्यावर पदार्थ एखाद मिलिग्रॅम. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात फोमचा पृष्ठभागच ऑक्सिडाइझ होऊन निकेल हायड्रॉक्साइड बनतो आणि चार्ज साठवतो. तो चार्ज आपल्या एक मिलिग्रॅमच्या नावावर जमा होतो. निकेल हायड्रॉक्साइडची सैद्धांतिक क्षमता ग्रॅममागे २८९ मिलिअँपिअर-तास, म्हणजे सुमारे १०४० कूलॉम. व्होल्टेजचा पट्टा अर्धा व्होल्ट धरला तर कमाल सुमारे २०८० फॅरड प्रति ग्रॅम येतात. त्याच पट्ट्यात कुणी ३००० चा दावा केला तर जास्तीचे ९०० आले कुठून? पहिला संशय फोमवर घ्यावा लागतो. पदार्थाशिवाय, पण बाकी सगळी प्रक्रिया तशीच केलेला कोरा फोम मोजून त्याचा आलेख शेजारी दिला की उलगडा होतो. किती पेपरांत तो आलेख असतो ते उघडून पाहावं. आणि मुळात निकेल हायड्रॉक्साइड बॅटरीसारखं वागतं, त्याचा डिस्चार्ज सरळ उतरत नाही, मध्ये पठार येतं. अशा पदार्थाला फॅरडमध्ये मोजणंच चूक आहे. ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी २०१५ मध्ये हे स्पष्ट मांडलं. तरी फॅरड चालूच आहेत, कारण तुलनेच्या तक्त्यात फॅरड मोठे दिसतात.

प्रयोगशाळेतला आकडा आणि वापरातलं उपकरण यांतली दरीही लक्षात घ्या. तीन इलेक्ट्रोडच्या मांडणीत (जिथं एकाच इलेक्ट्रोडचं मोजमाप होतं) आलेला आकडा दोन सारख्या इलेक्ट्रोडच्या सेलमध्ये एक चतुर्थांश होतो, कारण दोन कपॅसिटर एकापुढे एक जोडल्यानं धारिता निम्मी होते आणि वजन दुप्पट. शिवाय बाजारातल्या उपकरणात इलेक्ट्रोडवर चौरस सेंटिमीटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास पदार्थ असतो आणि क्रियाशील पदार्थ एकूण वजनाच्या साधारण तीस टक्केच भरतो. गोगोत्सी आणि सिमॉन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये हीच तक्रार केली होती: पातळ फिल्मवरचे ग्रॅममागचे आकडे फसवे आहेत. सुपरकपॅसिटरवरचा २००८ चा त्यांचा आढावा या विषयातल्या सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या लेखनापैकी आहे. पुढचा इशारा देणारेही तेच. आढाव्याचा संदर्भ देणाऱ्यांनी इशाराही तितक्याच मनावर घेतला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

हायड्रोजन तयार करणाऱ्या उत्प्रेरकांचंही पाहा. प्रतिइलेक्ट्रोड (प्रवाह पूर्ण करणारा समोरचा इलेक्ट्रोड) म्हणून प्लॅटिनमची तार लावली तर आम्लात ती हळूहळू विरघळते आणि प्लॅटिनम आपल्याच ‘प्लॅटिनमविरहित’ उत्प्रेरकावर येऊन बसतं. शंभर, हजार चक्रांनंतर कामगिरी सुधारली म्हणून आनंद होतो, तो त्या तारेचा असतो. उपाय स्वस्त आहे: ग्रॅफाइटची कांडी वापरा. ऑक्सिजनच्या बाजूला निकेलवर काम करताना हायड्रॉक्साइडमधलं लोखंड, दशलक्षांत काही भाग इतकं असलं तरी, इलेक्ट्रोडवर बसून क्रिया वाढवतं. कॉरिगन यांनी हे १९८७ मध्ये दाखवलं होतं. संदर्भ इलेक्ट्रोडचा (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतात त्याचा) हिशोब आणखी बारीक आहे. pH एकनं चुकला की ५९ मिलिव्होल्टचा फरक. एक मोलर हायड्रॉक्साइडचा pH मोजायचा सोडून १४ धरला आणि तो प्रत्यक्षात १३.८ असला, तर बारा मिलिव्होल्ट तिथंच गेले. आणि स्पर्धा अनेकदा दहा-वीस मिलिव्होल्टचीच असते.

यावर सरळ प्रतिप्रश्न येतो: शेकडो लोकांनी सायटेशन दिलं, ते सगळे चुकले का? हा प्रश्न सायटेशन म्हणजे तपासणी असं गृहीत धरतो. बहुसंख्य सायटेशन कुठं पडतात हे कुठलाही सुपरकपॅसिटरवरचा पेपर उघडून पाहा. पहिल्याच परिच्छेदात ‘ऊर्जा साठवणुकीची गरज वाढत आहे’ या वाक्यापुढे एका कंसात पंधरा संदर्भ. शेवटी तुलनेचा तक्ता, त्यात दहा जणांचे आकडे आणि शेवटच्या ओळीत आपला सगळ्यात मोठा. त्या दहांपैकी एकाचीही फिल्म कुणी पुन्हा बनवून पाहिलेली नसते. नोंद झाली, पण पडताळणी झाली नाही.

इतिहासात याचा दाखला एकाच माणसात सापडतो. साउदम्प्टनचे मार्टिन फ्लाइशमन हे इलेक्ट्रोकेमिस्ट्रीतलं फार मोठं नाव. १९७४ मध्ये त्यांनी हेंड्रा आणि मॅक्विलन यांच्यासोबत खडबडीत चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीनचा रामन वर्णपट (विखुरलेल्या प्रकाशावरून रेणू ओळखायची नोंद) नोंदवला. त्यातून पृष्ठभागावरच्या वर्धित रामन विकिरणाचं अख्खं क्षेत्र उभं राहिलं. १९८९ मध्ये त्यांनी आणि स्टॅनली पॉन्स यांनी साध्या काचेच्या सेलमध्ये पॅलेडियमवर अणुसंमीलन झाल्याचा दावा केला. उष्णतेच्या मोजमापावर आणि गॅमा किरणांच्या पुराव्यावर गंभीर आक्षेप आले, इतर प्रयोगशाळांना तो निकाल खात्रीनं मिळवता आला नाही. दोन्ही पेपरांना सायटेशन भरपूर आहेत, कारण खोडून काढणारेही संदर्भ देतातच. आकड्याला या दोघांतला फरक ओळखता येईल का? तो ओळखला तो रामन वर्णपट पुन्हा घेणाऱ्यांनी आणि उष्णता पुन्हा मोजणाऱ्यांनी.

उलटा दाखलाही तितकाच बोलका आहे. हेन्री बेअर यांनी १९६० च्या दशकात टायटॅनियमवर रुथेनियम ऑक्साइडचा थर दिलेल्या ॲनोडचं पेटंट घेतलं. तोवर क्लोर-अल्कली (मिठाच्या पाण्यातून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) कारखान्यांत ग्रॅफाइटचे ॲनोड झिजायचे, इलेक्ट्रोडमधलं अंतर वाढायचं, वीज जास्त लागायची. बेअर यांच्या ॲनोडनं हा उद्योगच बदलला. पेपरांच्या मोजणीत ते जवळजवळ दिसत नाहीत. त्याच रुथेनियम ऑक्साइडचा अभ्यास करताना त्रासात्ती आणि बुझान्का यांना १९७१ मध्ये त्याचं कपॅसिटरसारखं वागणं दिसलं, आणि आज आपण ज्याला स्यूडोकपॅसिटर म्हणतो तो विषय तिथून सुरू झाला. टाफेल यांचंही पाहा. उत्प्रेरकावरच्या प्रत्येक पेपरात ‘टाफेल स्लोप’ (अभिक्रियेचा वेग दहापट करायला किती जादा व्होल्टेज लागतं तो आकडा) असतो, पण त्यांच्या १९०५ च्या पेपराचा संदर्भ क्वचितच कुणी देतं. काम इतकं खोल रुजलं की संदर्भ द्यायची गरजच उरली नाही.

हे आपल्या जिल्ह्याला लागू करा. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या फौंड्रींतून निघालेल्या भागांवर पुढे झिंक किंवा क्रोम प्लेटिंग होतं. हुपरी चांदीच्या दागिन्यांवर जगते. सहा संयुजेच्या क्रोमियमच्या बाथमध्ये विजेचा दहा-वीस टक्केच भाग क्रोम बसवण्यात जातो, उरलेल्यातून मुख्यतः हायड्रोजन निघतो आणि त्याच्यासोबत विषारी तुषार उडतात. उरलेलं पाणी कुठं जातं, हा पंचगंगेकाठच्या माणसाला पडणारा साधा प्रश्न आहे. एखाद्या इलेक्ट्रोकेमिस्टनं २६७ मिलिलिटरचा हल सेल (प्लेटिंगचं द्रावण तपासायचं छोटं भांडं) घेऊन एका प्लेटिंगवाल्याला कमी विषारी, तीन संयुजेच्या क्रोमियमवर आणलं, तर त्याला सायटेशन किती? शून्य. निवड समितीत गुण किती? बहुतेक तितकेच. विद्यापीठाच्या अवतीभवती एवढी इलेक्ट्रोकेमिस्ट्री रोज चालते आणि तिचा एकही अंश मूल्यमापनात उतरत नाही, हे मला सायटेशनच्या फुगवट्यापेक्षाही जास्त टोचतं.

नियमही या फुगवट्याला हात देतात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञानातल्या एका पेपराला आठ गुण, वर इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे (नियतकालिकातल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात त्याप्रमाणे) वाढीव गुण. दोनहून जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला सत्तर टक्के आणि बाकी प्रत्येकाला तीस टक्के. सहा लेखकांच्या पेपरात आठ गुणांचे मिळून १७.६ गुण वाटले जातात. सातवं नाव घातलं तर कुणाचं काहीच कमी होत नाही, उलट २.४ गुण नवे तयार होतात. मग नावं वाढली म्हणून एकट्या संशोधकाला किती दोष द्यायचा?

‘समितीला वाचायला वेळ कुठं आहे?’ हा शेवटचा आक्षेप खरा आहे. शंभर अर्जांतले दीड हजार पेपर कुणी वाचू शकत नाही, आणि वाचायची गरजही नाही. पहिली चाळणी आकड्यावर होऊ द्या. उरलेल्या सात-आठ जणांनी स्वतः निवडलेले तीन पेपर द्यावेत आणि त्यातलं नेमकं कोणतं काम आपण केलं ते अर्ध्या पानात लिहावं. बाहेरचा एक इलेक्ट्रोकेमिस्ट ते वाचून थोडकेच प्रश्न विचारेल. फिल्मचं वजन कोणत्या तराजूवर, किती वेळा केलं? कोऱ्या सबस्ट्रेटचा (ज्यावर फिल्म चढवतात त्या पट्टीचा किंवा फोमचा) आलेख कुठं आहे? प्रतिइलेक्ट्रोड कशाचा होता? किती वेगवेगळ्या फिल्मवरचा हा निकाल आहे, की सगळ्यात चांगल्या एकीवरचा? पोटेन्शिओस्टॅटची (मोजमाप करणाऱ्या यंत्राची) मूळ फाइल दाखवता येईल का? ज्यानं हाताने काम केलंय त्याला याची उत्तरं मुलाखतीत बसल्या जागी देता येतात. ज्याचं फक्त नाव लागलंय त्याला येत नाहीत. यात वशिल्याला जागा उरते का? गप्पांच्या मुलाखतीपेक्षा नक्कीच कमी, कारण उत्तरं कागदावर पडताळता येतात.

आणि हे नेमणुकीपर्यंत थांबवायचंही कारण नाही. पीएचडीच्या प्रबंधात कोऱ्या सबस्ट्रेटचा आलेख, किमान तीन वेगळ्या फिल्मची वजनं आणि आकड्यासोबत त्याची कमी-जास्त मर्यादा द्यायला लावावी. कोऱ्या पट्टीला बाथमध्ये बुडवून पुन्हा वजन करायला एक दुपार जाते. त्यासाठी दिल्लीची परवानगी लागत नाही, वेगळा निधीही लागत नाही. विषयाच्या संशोधन समितीच्या पुढच्याच बैठकीत हे ठरू शकतं.